पंधरा पिनांचं विमान

मानसिंगरावांच्या घरात कुठलीही वस्तू टाकून द्यायची पद्धत नव्हती, आणि टाकून न दिलेली वस्तू वेळेला सापडायची पद्धतही नव्हती. त्यामुळं बारामतीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या श्रेया मॅडमनी "तुमच्या घरी एखादी जुनी जॉयस्टिक आहे का हो?" असं विचारलं, आणि मानसिंगराव छाती फुगवून "आहे की!" म्हणाले, तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, माधवीनं, कपाळाला हात लावला. शोधायचं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे तिला ठाऊक होतं.

प्रश्न मानसिंगरावांच्या आईचा होता. द्वारकाबाईंना जूनमध्ये अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. पाय सुधारला. जीभ तर आधीपेक्षा धारदार झाली. पण उजव्या हाताची बोटं काही केल्या वळेनात. श्रेया मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला. द्वारकाबाईंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यातल्या कालवडीपुढं टाकला.

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी चेंडू खेळू व्हय? लोकं काय म्हणतील?"

लोकांनी काय म्हणायचं ते आधीच म्हणून झालं होतं. निदान सारजाकाकूंनी तरी. सारजाकाकू म्हणजे द्वारकाबाईंची धाकटी जाऊ. दोघीही गावच्या उपसा सिंचन संस्थेच्या सभासद. तीस वर्षांपूर्वी गावात प्रौढ साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा द्वारकाबाई कंदील घेऊन रोज गेल्या आणि सही शिकून आल्या. सारजाकाकू गेल्या नाहीत. तेव्हापासून दरसाल सप्टेंबरात संस्थेच्या वार्षिक सभेला द्वारकाबाई हजेरीवहीत सावकाश सही करायच्या, त्या सहीकडं मान तिरकी करून बघायच्या आणि मागं वळून म्हणायच्या, "सारजे, अंगठा नीट पूस गं. शाई लुगड्याला लागंल." तीस वर्षं, न चुकता. आता झटका आल्यावर सारजाकाकू बघायला आल्या, चहा प्याल्या, हळहळल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, "आक्का, यंदा माझ्याशेजारी बसा. शाई एकच पुरंल दोघींला."

त्या दिवशी द्वारकाबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "अंगठाच द्यायचा असंल तर मी सभेला येणार न्हाय. मला सभासदकी बी नको."

आणि दैव कसं बघा. त्या संस्थेचे लेखनिक कोण, तर मानसिंगराव. हजेरीवही त्यांच्या ताब्यात, आणि शाईचा पॅडही. आईचा अंगठा धरून शाईत बुडवायचा आणि रकान्यात टेकवायचा, हे काम त्यांच्याच वाट्याला येणार होतं. ह्या विचारानं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. माणूस तसा बडबड्या, पण ह्या एका गोष्टीबद्दल ते कुणाजवळ बोलले नाहीत.

म्हणून श्रेया मॅडम जेव्हा म्हणाल्या, की मूठ आवळून मनगट फिरवायचं असं काही तरी हवं, आजींना खेळ वाटणार नाही असं, तेव्हा मानसिंगरावांना देव भेटल्यासारखं झालं. कारण जॉयस्टिक, म्हणजे संगणकावरचे खेळ खेळायची दांडी, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव मानाचा तुरा होता. कॉलेजात असताना बारामतीतल्या एका संगणक वर्गानं स्पर्धा घेतली होती: पडद्यावरचं विमान न पाडता खाली उतरवायचं. मानसिंगरावांनी ते उतरवलं आणि बक्षीस म्हणून ही दांडी मिळवली. त्यानंतर आयुष्यात त्यांनी काहीच उतरवलं नाही, पण ती गोष्ट मात्र गावात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली.

माधवीला दांडी तिसऱ्या दिवशी ट्रंकेत सापडली. मानसिंगरावांनी ती फडक्यानं पुसली, नवा लॅपटॉप उघडला आणि वायरचं टोक हातात घेतलं. तिथं पहिली माशी शिंकली. टोक होतं फणीएवढं रुंद, त्यात पंधरा पिना. लॅपटॉपच्या कडेला दोन फटी होत्या, त्यात नख जेमतेम शिरलं असतं.

"ही म्हैस त्या उंदराच्या बिळात घालणार व्हय तुमी?" माधवीनं विचारलं.

"तंत्रज्ञानात असं बोलत नसतात," मानसिंगराव म्हणाले. तंत्रज्ञानात कसं बोलतात हे त्यांनाही माहीत नव्हतं.

आपल्याकडं घरात कुणी आजारी पडलं तर लोक उशिरा येतात, पण कुणी वायर हातात घेऊन ओसरीवर बसलेला दिसला की दहा मिनिटांत गर्दी. सगळ्यांत आधी आले दादासो तात्या. तात्या एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं चाक, दांडी किंवा बटण असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा हक्क चालायचा.

"कापून टाक," तात्या म्हणाले.

"काय?"

"टोक. ह्याचं बी काप, माऊसचं बी काप, आन् रंगाला रंग जोडून पीळ मार. वायर म्हणजे वायर आसती."

"तात्या, ह्यात पंधरा पिना हायेत. माऊसात चारच वायरी असतात."

"मग चार जोड. अकरा कंपनीनं शोभंला दिल्यात."

तात्यांनी खिशातून चाकूही काढला. मानसिंगरावांनी दांडी पोटाशी धरली. हताश होऊन तात्यांनी मग दुसरा सल्ला दिला, जो आपल्या तालुक्यात प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी असतोच: "बारामतीत आपला माणूस हाय. स्टँडसमोर दुकान. जा, आन् माझं नाव सांग."

माझं नाव सांग! ह्या तीन शब्दांवर दोन तालुक्यांचा कारभार चालतो. डॉक्टरकडं जा, नाव सांग. ट्रॅक्टरचा पार्ट आण, नाव सांग. नाव सांगितल्यानं काम झालेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही, तरी प्रत्येकाची खात्री असते की आपलं नाव तिथं सोन्याच्या अक्षरांत लावलेलं आहे.

मानसिंगराव बारामतीला गेले, दुकानात शिरले आणि नाव सांगितलं. दुकानदाराचा चेहरा पडला.

"दादासो तात्या? ते स्वतः आलेत का बरोबर?"

"नाही."

"मग बरं झालं. बोला."

दुकानदारानं दांडीचं टोक उलटंसुलटं बघितलं, पिना मोजल्या आणि कपाटातून एक छोटी डबी काढली. एका बाजूला पंधरा भोकं, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपात जाणारं टोक. "पंधराला पंधरा. घ्या. तात्यांना सांगू नका इथून घेतलं म्हणून." मानसिंगराव तरंगतच घरी आले. डबी जोडायला गेले आणि जमिनीवर आले. दांडीच्या पिना बसल्या होत्या दोन पंगतींत, वर आठ, खाली सात. डबीतली भोकं होती तीन पंगतींत, पाच-पाच-पाच. माणसं तेवढीच, पण पंगती जमेनात. ती डबी मुळात पडदा जोडायची निघाली. मानसिंगरावांनी तरीही पाऊण तास जोर लावला. तात्यांनीही लावला. एक पिन वाकली. ती माधवीनं केसातल्या आकड्यानं सरळ केली आणि दोघांनाही ओसरीवरून उठवलं.

मग चौकातला मोबाईल दुकानवाला नागेश मदतीला धावला. त्यानं फोनवर बरोबर डबी शोधून दिली, आठ आणि सात भोकांची, थेट परदेशातून येणारी. मागणी द्वारकाबाईंच्या नावानं नोंदवली गेली, कारण मानसिंगरावांच्या फोनचं सिम आईच्या नावावर होतं; आणि सिम आईच्या नावावर होतं, कारण ते घेतलं त्या दिवशी घरात आधार कार्ड फक्त आईचंच सापडलं होतं. पत्त्यात नागेशनं लिहिलं, "देवळामागं." गावात देवळं सहा. पार्सल भवानीनगरपर्यंत आलं, सहा देवळांना घाबरलं आणि मागं इंदापूरच्या कुरिअर कचेरीत जाऊन बसलं.

मानसिंगराव एसटीनं इंदापूरला गेले. खिडकीतल्या साहेबांनी पार्सल दाखवलं. लांबूनच.

"द्वारकाबाई कुठंयत?"

"घरी. माझी आई आहे. मला द्या."

"परदेशी पार्सल आहे. ज्यांचं नाव त्यांचीच सही लागंल."

"अहो, तिला सही करता येत नाही सध्या. सही करता यावी म्हणूनच तर हे मागवलंय!"

साहेबांनी ह्यावर विचार केला. म्हणजे डोळे मिटून घेतले आणि उघडले. "मग तुमच्या नावानं अधिकारपत्र आणा."

"आणतो. त्यावर काय लागेल?"

"त्यांची सही."

मानसिंगराव परतीच्या गाडीत बसले तेव्हा त्यांच्या मनात साहेबांविषयी जे विचार आले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. घरी आल्यावर त्यांनी आईपुढं कागद ठेवला आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाले, "आई, फक्त ह्या एका कागदावर अंगठा दे. कुणाला कळणार नाही. इंदापुरात तुला कोण ओळखतं?"

द्वारकाबाईंनी कागदाकडं बघितलंही नाही. "अंगठा द्यायचाच आसता तर सारजीपुढं दिला आसता. मग तुजं विमान कशाला पायजे हुतं?"

मानसिंगरावांनी कागद घडी करून खिशात घातला. माधवी आत भाकरी थापता थापता मोठ्यांदा हसली, तेवढं मात्र मानसिंगरावांना लागलं.

दुसऱ्या दिवशी ते संस्थेच्या कचेरीत एकटेच बसले, कोरा कागद घेतला आणि नोकरीतल्या बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून लिहिलं: "प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती द्वारकाबाई या आमच्या संस्थेच्या सभासद असून सध्या आजारी आहेत. त्यांचे चिरंजीव मानसिंग हे मला व्यक्तिशः परिचित असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. सबब पार्सल त्यांच्याकडे देण्यास हरकत नाही." खाली सही केली, मानसिंग, लेखनिक. आणि त्यावर संस्थेचा गोल शिक्का दाबला. जरा जोरातच.

इंदापूरच्या साहेबांनी कागद घेतला, शिक्का बघितला आणि पार्सल खिडकीबाहेर सरकवलं. मजकूर वाचला नाही. गोल शिक्का दिसल्यावर वर काय लिहिलंय ते बघायची आपल्याकडं रीत नाही, आणि ती नाही म्हणूनच पुष्कळ माणसं सुखानं जगतात.

ह्या खेपेला पंगतीला पंगत बसली. आठ वर, सात खाली. मानसिंगरावांनी डबीचं दुसरं टोक लॅपटॉपच्या फटीत घातलं. ते अर्धं गेलं आणि थांबलं. दुसऱ्या फटीत घातलं. तेही अर्धं. लॅपटॉप ढिम्म. नागेश म्हणाला, प्रोग्राम नाही. तात्या म्हणाले, पेट्रोल पंपावर माझ्या ओळखीचा हाय, हवा मारून बघ. तिघांनी मिळून फुंकलं. शेवटी मानसिंगरावांनी लॅपटॉप, दांडी आणि डबी पिशवीत घातली आणि बारामतीला शंभूराजकडं नेली. हा पैलवानी अंगाचा माणूस, पण मशिनी उघडायचा सोनारासारख्या हातानं. त्याच्याकडं मानसिंगराव कुणाचंही नाव न सांगता गेले.

शंभूराजनं डोळ्याला भिंग लावलं, बॅटरी मारली आणि दोन्ही फटींत डोकावला.

"काका, ह्यात अक्षता कुणी घातल्या?"

मानसिंगरावांना एकदम आठवलं. मागच्या वर्षी खंडेनवमीला नवा लॅपटॉप घरात आला होता. आपल्याकडं त्या दिवशी विळा, खुरपं, मोटार, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते, तशी ह्याचीही झाली. हार, नारळ, हळदीकुंकू, अक्षता. ती द्वारकाबाईंनी केली होती, तेव्हाच्या धडधाकट उजव्या हातानं, आणि मन लावून केली होती. दोन्ही फटींचा सत्कार झाला होता. मानसिंगरावांना संस्थेच्या हिशेबापलीकडं लॅपटॉपात काही घालायची वेळच आली नव्हती, म्हणून वर्षभर ते सगळं आत सुखानं नांदत होतं. शंभूराजनं सुईनं कोरून कोरून एका फटीतून हळद, कुंकू आणि तांदळाचा दीड दाणा काढला आणि कागदाच्या पुडीत बांधून दिला. "फेकून कसं द्यायचं?" म्हणाला. "देवाचं हाय."

घरी येऊन मानसिंगरावांनी पुडी आईपुढं उघडली. आता तरी ती ओशाळेल असं त्यांना वाटलं.

"मग?" द्वारकाबाई म्हणाल्या. "टॅक्टरला घातलं तर टॅक्टर चालतोय. मोटारीला घातलं तर मोटार पाणी वडती. तुज्याच मशिनीला का खुपलं?" आणि त्यांनी तो दीड दाणा डाव्या हातानं उचलून देवापुढं ठेवला.

त्या दिवशी लॅपटॉपनं दांडी ओळखली. नागेशनं विमानाचा खेळ चढवला आणि पडद्यावर विमान आलं. ओसरीवर तात्या, नागेश, माधवी आणि हातातलं काम टाकून आलेली अर्धी आळी. मानसिंगरावांनी पंचवीस वर्षं सांगितलेली गोष्ट करून दाखवायची वेळ आली. त्यांनी विमान वर चढवलं, एक डौलदार वळण घेतलं, "आता बघा" म्हणाले, आणि ते एका इमारतीत घातलं. दुसऱ्यांदा नदीत. तिसऱ्यांदा ते धावपट्टीवर उतरलं, पण पोटावर. जुनी दांडी विमानाला सारखी डावीकडं ओढत होती. हे मानसिंगरावांनी पटवून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण आळी हसत होती आणि तात्या "ब्रेक दाब, ब्रेक!" म्हणून ओरडत होते. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही.

"सरक तिकडं," द्वारकाबाई म्हणाल्या.

माधवीनं सासूचा उजवा हात उचलून दांडीवर ठेवला, एकेक बोट वळवून. विमान उडालं आणि चार सेकंदांत पडलं. द्वारकाबाई खुदकन हसल्या. जून महिन्यापासून घरात ते हसू कुणी ऐकलं नव्हतं.

"पडल्यावर आवाज कसा झ्याक येतोय," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा लाव."

तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर द्वारकाबाई ओसरीवर विमानं पाडू लागल्या. मानसिंगराव सांगायचे, आई, अशी हळूहळू खाली आण, उतरव. "तू गप. मला न्हाय उतरायचं." विमान डावीकडं ओढतं म्हणून त्यांना दांडी सारखी उजवीकडं रेटावी लागायची, मूठ घट्ट आवळून. शंभूराज तो दोष काढून द्यायला तयार होता. पण श्रेया मॅडमनी मनगट तपासलं आणि म्हणाल्या, "खबरदार. दांडीला हातसुद्धा लावू नका." सप्टेंबरच्या मध्यावर द्वारकाबाईंनी चहाची कपबशी उजव्या हातानं उचलली. पुढच्या आठवड्यात पेन्सिल मागितली. वहीवर काय लिहितात ते मात्र कुणाला बघू दिलं नाही.

सभेच्या दिवशी देवळासमोरच्या मांडवात मानसिंगराव वही, पेन आणि शाईचा पॅड घेऊन टेबलाशी बसले होते. सभासदांची नावं खात्यांप्रमाणं, त्यामुळं दोन्ही जावा एकाच ओळीत, शेजारच्या रकान्यांत. सारजाकाकू आधीच येऊन अंगठा शाईत बुडवून उभ्या होत्या. लावत नव्हत्या. वाट बघत होत्या.

द्वारकाबाई माधवीचा हात धरून आल्या. मानसिंगरावांनी मान खाली घातली. त्यांचा हात पॅडकडं जावा की पेनाकडं, हे त्यांना कळेना.

"पेन दे," द्वारकाबाई म्हणाल्या.

'द्वा' काढायलाच बराच वेळ गेला. मागं रांग थांबली, कुणीतरी खाकरलं, अध्यक्ष घड्याळ बघायचे थांबले. 'र' झाला. 'का' झाला. महिनाभर उजवीकडं रेटून रेटून हाताला तीच सवय लागली होती. 'बाई' रकान्याची रेघ ओलांडून निघाली, आणि शेवटच्या 'ई'सकट सारजाकाकूंच्या रकान्यात जाऊन बसली. पण सही होती. वाकडी, मोठी आणि स्वतःच्या हाताची. सहीवर पाणी पडू नये म्हणून मानसिंगरावांनी वही झटकन स्वतःकडं ओढली आणि उपरण्यानं डोळे पुसले, सगळ्यांदेखत.

आता मागं वळून शाईचा आणि लुगड्याचा विषय निघणार म्हणून सगळे थांबले होते. सारजाकाकूही थांबल्या होत्या, काळा अंगठा तसाच वर धरून.

"आक्का," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या घरात शिरली की तुमची सही. मी अंगठा कुठं लावू आता?"

द्वारकाबाईंनी त्या अंगठ्याकडं बघितलं.

"यंदा खाली लाव कुठंतरी," त्या म्हणाल्या. "आन् उद्या चहाला ये. दांडी धरायला शिकवती."

"मला न्हाय जमायचं बाई. पाडीन मी ते."

"पाड की," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी रोज चाळीस पाडती."